सहा बाइटांतलं विश्व

आज संगणकावरच्या एकाच खेळाबद्दल बोलणार आहे. ‘एलिट’. तो आधी बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकावर आला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून 1984च्या सुमारास निवडक शाळांमध्ये जे यंत्र आलं, तेच हे. लाल-केशरी फंक्शन कळांची ती वरची ओळ इथल्या काहींना आठवत असेल.

डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल, केंब्रिजमध्ये शिकणारी दोन मुलं. त्यांचा खेळ आधी एका मोठ्या कंपनीनं नाकारला. तीन जीव नाहीत, दहा मिनिटांत डाव संपत नाही, मग हा खेळ कसला? शेवटी सप्टेंबर 1984मध्ये अॅकॉर्नसॉफ्टनं तो बाजारात आणला. तुम्हाला एक यान मिळतं आणि 100 क्रेडिट. शेतीच्या ग्रहावर धान्य भरा, औद्योगिक ग्रहावर विका, तिथून संगणक घेऊन या. वाटेत चाचे भेटले तर लढा किंवा पळा. पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. घरातल्या खेळात इतकी मोकळीक मिळणं ही त्या वेळी फार मोठी गोष्ट होती, आणि मला ती आजही तेवढीच मोठी वाटते.

आता अडचण पाहा. यंत्राची सगळी मेमरी 32 केबी. पडद्यावरचं चित्रही त्यातच ठेवायचं. उरलेल्या जागेत यानांची त्रिमिती रेखाटनं, लढाई, बाजारभाव आणि 8 दीर्घिका, प्रत्येकीत 256 ग्रह. म्हणजे 2048 ग्रह. त्यांची नुसती नावं लिहून ठेवायची म्हटली, तरी दहाएक केबी संपतील.

त्यांनी एकही ग्रह लिहून ठेवला नाही.

फळ्यावर करून पाहू. तीन आकडे घ्या: 17, 42, 68. बेरीज 127. शेवटचे दोनच अंक ठेवा, 27. आता पहिला 17 सोडा आणि 42, 68, 27 यांची बेरीज करा. 137, म्हणजे 37. मग 68, 27, 37. झाले 132, म्हणजे 32. पुढे कितीही चालवा. आकडे कसेही आल्यासारखे दिसतात, पण 17, 42, 68पासून सुरुवात केली की दर वेळी तेच येणार. ‘एलिट’मध्ये हेच आहे, फक्त तिथले तीन आकडे 16 बिटांचे. बिट म्हणजे एक 0 किंवा 1, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सगळे मिळून सहा बाइट. त्यातल्या काही बिटांवरून ग्रहाची राज्यव्यवस्था ठरते, काहींवरून अर्थव्यवस्था, काहींवरून नाव. नावासाठी दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांचा एक छोटा तक्ता आहे, त्यातून लेव्ह, डिसो, लीस्ती अशी उच्चारता येणारी नावं निघतात. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई शंभर चित्रं डोक्यात घेऊन फिरत नाही. ठिपके किती आणि जोडायचे कसे, एवढं तिला ठाऊक असतं.

पुढच्या दीर्घिकेत जायचं तर? सहापैकी प्रत्येक बाइटमधले बिट एक घर डावीकडे सरकवायचे, टोकाचा बिट मागे आणून लावायचा. बाइटमध्ये आठ बिट, त्यामुळे आठव्यांदा सरकवलं की पुन्हा पहिली दीर्घिका. त्या दोन मुलांना खरं तर 2चा 48वा घात इतक्या दीर्घिका ठेवायच्या होत्या. प्रकाशकांनी त्यांना थोपवलं आणि ते योग्यच झालं. इतकं अफाट दाखवलं असतं तर त्यातला सारखेपणा लगेच उघडा पडला असता. लेव्ह कुठे, डिसो किती लांब, हे खेळणाऱ्यांना गावच्या रस्त्यांसारखं पाठ झालं, ते आकडा लहान राहिला म्हणून.

डाव कॅसेटवर जतन करताना काय लिहिलं जायचं तेही बघा. तुमचे पैसे, यानाची सामग्री, भरलेला माल, पाडलेल्या यानांची संख्या. आणि ज्या दीर्घिकेत तुम्ही आहात तिचे सहा बाइट.