मायनर जपायची, मिनी नटवायची

(बर्मिंगहॅमजवळच्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मॉरिस मायनर आणि मिनी : एक तौलनिक अभ्यास’. ‘तौलनिक अभ्यास’ हे कार्यवाहांचे शब्द. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की दोन गाड्यांबद्दल बोलेन आणि त्यांच्या मालकांबद्दल जरा वाकडं बोलेन. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मायनरवाला आहे, त्यामुळे निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नका. मिनीवाले सभागृहात किती आहेत? हात वर करा. बरेच दिसताहेत. ठीक आहे, बाहेर जाण्याची वाट त्या बाजूला आहे.

माझा मुद्दा तसा छोटा आहे. या देशात या दोन गाड्यांवर लोकांनी सारखंच प्रेम केलं असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. प्रेम दोन्हींवर केलं, पण ते दोन वेगळ्या जातीचं, आणि ते तसं का झालं याचं कारण गाड्यांच्या जन्मातच आहे. तिथे येतोच. पण आधी जन्मकथा सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दोन्ही गाड्यांचा बाप एकच. अलेक इसिगोनिस. १९०६ साली स्मर्ना इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरला, जन्मलेला माणूस. इंग्लंडात आला, बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये शिकला आणि गणितात तीनदा नापास झाला. इलेव्हन-प्लसच्या, म्हणजे इथल्या निवडक शाळांच्या प्रवेशपरीक्षेच्या, क्लासला मुलांना सोडून इथे आलेल्या पालकांनी हे वाक्य घरी जाऊन सांगू नये अशी विनंती. पुढे हाच माणूस ‘सर’ झाला, १९६९ साली.

तर मायनर. दुसरं महायुद्ध चालू असतानाच मॉरिसच्या कारखान्यात या गाडीचं काम सुरू झालं होतं, ‘मॉस्किटो’ नावाने. इसिगोनिसला तिच्यात नवं इंजिन हवं होतं, फ्लॅट-फोर, म्हणजे दोन-दोन सिलिंडर समोरासमोर आडवे असलेलं. ते मिळालं नाही. जुन्या मॉरिस एटचं ९१८ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन त्याच्या गळ्यात मारलं. खुद्द मॉरिससाहेब, म्हणजे लॉर्ड नफील्ड, यांना गाडी बघवेना. त्यांनी तिला पाण्यात उकडून काढलेल्या अंड्याची उपमा दिली, इंग्रजी नाश्त्यातलं ते ‘पोच्ड एग’. मालकच गाडीला अंडं म्हणतो म्हटल्यावर डिझायनरने काय करायचं?

आता माझी आवडती गोष्ट. आमच्या घरात ती इतक्यांदा सांगून झालीय की मुलं आता ‘चार इंच’ एवढंच म्हणतात आणि उठून जातात. तुम्हाला उठता येणार नाही.

गाडीचा नमुना तयार होता. उत्पादनाचे साचे तयार होते. आणि इसिगोनिसला रोज तिच्याकडे बघताना वाटायचं, काहीतरी चुकतंय. गाडी अरुंद दिसत होती. एका संध्याकाळी त्याने मेकॅनिकांना सांगितलं, गाडी उभी चिरा. बॉनेटपासून डिकीपर्यंत, मधोमध. सकाळी येऊन त्याने दोन्ही अर्धुकं एकमेकांपासून सरकवायला लावली. थोडं लांब. अजून थोडं. आता जास्त झालं, जवळ घ्या. डोळ्याला बरं वाटलं तिथे थांबवलं आणि फूटपट्टी लावली. चार इंच. गणितात तीनदा नापास झालेल्या माणसाने गाडीची रुंदी नजरेने ठरवली. इथे इंजिनिअर मंडळी खूप आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर मला जरा वेदना दिसताहेत.

खरी गंमत पुढे आहे. साचे तर झालेले, मग ते चार इंच घालायचे कुठे? मायनरच्या बॉनेटवर मधोमध एक सपाट पट्टी आहे, पुढून मागे गेलेली. लोक म्हणतात, काय सुंदर रेघ आहे. तेच ते चार इंच. बंपर तर आधीच बनून पडले होते. ते मधून कापले आणि मध्ये चार इंचांचा तुकडा बोल्टने बसवला. सुरुवातीच्या मायनरपैकी एखादी दिसली तर जरूर पुढे वाकून बघा. बंपरच्या मधोमध ठिगळ स्पष्ट दिसतं. ऑक्टोबर १९४८ला लंडनमधल्या अर्ल्स कोर्टच्या मोटार प्रदर्शनात ब्रिटनची नवी गाडी म्हणून जी मांडली, ती अशी ठिगळाच्या बंपरची होती.

हे ठिगळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९५२मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या कंपन्या एक होऊन बीएमसी झाली, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, मुंबईची महापालिका नव्हे. मायनरला ऑस्टिनचं ए-सिरीज इंजिन मिळालं, आधी ८०३ सीसी, मग ९४८, मग १०९८. १९६०च्या अखेरीस दहा लाखावी मायनर बाहेर पडली. ब्रिटिश गाड्यांत हा आकडा गाठणारी ही पहिलीच. त्या आनंदात ३५० गाड्या फिकट जांभळ्या रंगात काढल्या. असा रंग मी फक्त लग्नाच्या शालूत बघितलाय. पुढच्या रांगेतल्या वहिनी मान हलवताहेत, म्हणजे रंग त्यांना पटलेला दिसतोय.

भारतात ही गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून हिंदुस्थान मोटर्सने काढली होती. नंतर आपण सगळे ज्या अँबॅसिडरमध्ये मागे सहाजण बसून महाबळेश्वरला गेलो, तीही मॉरिसचीच, ऑक्सफर्ड सिरीज तीन. तेव्हा आपलं नातं जुनं आहे. अँबॅसिडरवर वेगळं व्याख्यान होऊ शकतं, कार्यवाहांनी विचार करावा.

आता माझं गाऱ्हाणं. मोटारींच्या कुठल्याही मेळाव्यात जा, मिनीपुढे गर्दी आणि मायनरपुढे एक म्हातारे गृहस्थ घडीच्या खुर्चीवर थर्मास घेऊन बसलेले. लोक येतात आणि म्हणतात, “अरे, नर्सबाईंची गाडी!” हो, गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाई हीच वापरायच्या. पोलीसही निळ्या-पांढऱ्या मायनरमधून गस्त घालायचे. पोस्टखात्याच्या सुरुवातीच्या व्हॅनना तर पुढचे मडगार्ड रबराचे होते, धडकलं तरी पोचा नको म्हणून. इतक्या लोकांच्या उपयोगी पडलेली गाडी बिनबुद्धीची कशी? गिअर खाली घेऊन अॅक्सिलरेटर सोडला की तिच्या सायलेन्सरमधून जो आवाज येतो त्यावर लोक हसतात, ते मला मान्य आहे. तो आवाज सभ्य नाही.

माझी मायनर ट्रॅव्हलर आहे, मागे लाकडी चौकट असलेली. लोकांना वाटतं ते लाकूड शोभेचं. मुळीच नाही. अॅश नावाच्या झाडाचं लाकूड आहे आणि मागचं सगळं अंग त्यावरच उभं असतं. खिडकीच्या खाचेत पाणी साचतं, तिथे शेवाळ धरतं, खरंखुरं हिरवं शेवाळ, आणि मग खालची पट्टी काळी पडायला लागते. माझी काळी पडली. मी एका वर्कशॉपला दिली. नाव सांगत नाही, ते अजून चालू आहे आणि त्यांचे नातेवाईक कोणाचे तरी शेजारी असतील. महिन्याने गाडी आली ती अशी चकचकीत की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. वार्निश काय, पॉलिश काय! पुढच्या एमओटीला, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला, तपासनिसाने खाली वाकून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पट्टीवर टेकवलं आणि जरा दाबलं. टोक अर्धा इंच आत गेलं. बाहेर काढलं तर टोकाला लाकडाचा भुसा नव्हे, पुट्टी. आपली नेहमीची पत्र्याची पुट्टी, वरून तपकिरी रंग देऊन त्यावर ब्रशने लाकडाच्या रेषा काढलेल्या. रेषा इतक्या सुबक होत्या की तपासनीससुद्धा क्षणभर बघत राहिले. मग गाडी नापास केली. आता चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, म्हणजे २०१८पासून, एमओटीची सक्ती नाही. पण ही गोष्ट त्याआधीची. वर्कशॉपवाल्यांना विचारलं तर म्हणाले, “तुम्ही गाडी छान दिसली पाहिजे म्हणाला होतात.” यावर काय बोलणार?

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. मिनीकडे येतो.

१९५६. सुएझ कालव्याचं प्रकरण. पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं आणि रस्त्यावर जर्मन बबल कार, बुडबुड्यासारख्या गोल चिमुकल्या गाड्या, दिसायला लागल्या. बीएमसीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना त्या डोळ्यांपुढे नको होत्या. त्यांनी इसिगोनिसला सांगितलं, खरीखुरी छोटी गाडी काढ, इंजिन मात्र आपलंच वापर. बाकी मोकळं रान. २६ ऑगस्ट १९५९ला मिनी आली. लांबी दहा फूट, चाकं दहा इंची, इंजिन आडवं, गिअरबॉक्स इंजिनखाली त्याच तेलात, स्प्रिंगच्या जागी अलेक्स मोल्टनचे रबरी कोन. दहा फुटांत चार माणसं आणि सामान. किंमत करासह पाचशे पौंडांच्या आत. हे सगळं अफाट आहे, मायनरवाला असूनही कबूल करतो.

पण मिनी पावसात बंद पडायची! इंग्लंडात बनवलेली गाडी, पावसात! नमुन्यात कार्ब्युरेटर पुढे होता, त्यावर बर्फ धरायचा, म्हणून इंजिन फिरवून बसवलं. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग, आला पुढे, जाळीच्या मागे, आणि समोरून येणारं पाणी थेट त्यावर. यावर मिनीवाल्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. भांडी घासायचा रबरी हातमोजा घ्यायचा आणि डिस्ट्रिब्युटरवर उलटा चढवायचा. पाच बोटांची टोकं कापायची, चार बोटांतून चार प्लगच्या वायरी आणि अंगठ्यातून कॉइलची. माणसाच्या हाताला बोटं पाच आणि चार सिलिंडरच्या इंजिनाला वायरी पाच, हा योगायोग नसता तर मिनीचं काय झालं असतं कोणास ठाऊक. सुरुवातीच्या गाड्यांत खालूनही पाणी यायचं, पत्र्याचे सांधे उलटे जोडल्यामुळे. असो.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटं’ आणि खाली दोन रेघा. म्हणजे ज्यासाठी आलो ते पाच मिनिटांत.

तर बघा. दोन्हींत इंजिन एकाच घराण्याचं, ए-सिरीज, मायनरमध्ये लांबीत आणि मिनीत आडवं. बापही एकच. तरी मायनरचा मालक गाडी जपतो आणि मिनीचा मालक गाडी बदलतो. मायनरच्या मेळाव्यात बक्षीस कोणाला? ज्याची गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे त्याला. मिनीच्या मेळाव्यात सारख्या दोन गाड्या शोधून दाखवा. रुंद चाकं, पट्टे, छपरावर झेंडा. पीटर सेलर्स या नटाने तर मिनीच्या अंगावर वेताच्या विणकामाची नक्षी करून घेतली होती.

असं का? लोक म्हणतात तरुणाई, साठचं दशक, फॅशन. मी म्हणतो, नाही. मायनर ही तडजोडीतून आलेली गाडी. इंजिन मनासारखं नाही, मालक नाराज, चार इंच आयत्या वेळी, बंपरला ठिगळ. सगळ्या भांडणांतून ती जी बाहेर आली ती पुरी होऊन आली. तिच्यात करायचं काही उरलं नव्हतं, म्हणून मालकाच्या वाट्याला फक्त राखणं आलं. ग्रीस गन घ्या, पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात, वेळच्या वेळी ग्रीस भरा, नाहीतर चाक एका बाजूला लोळण घेतं. पेट्रोलचा पंप टिकटिक करायचा थांबला तर पान्याने हलकेच टपली मारा. बॉनेटखाली जागा एवढी की हात कोपरापर्यंत जातो.

मिनीच्या वेळी इसिगोनिसला अडवणारं कोणी नव्हतं. आणि तो माणूस सुखसोयींचा वैरी. गाडीत रेडिओ नको, खुर्ची फार मऊ नको, ड्रायव्हर सावध राहिला पाहिजे. दार आतून उघडायला हँडलऐवजी दोरी. खिडकी वरखाली होत नाही, सरकते. त्याने चौकट अप्रतिम दिली आणि आतला संसार लोकांवर सोडला. मग लोकांनी तो मांडला. पहिला मांडणारा जॉन कूपर, शर्यतीच्या गाड्या बनवणारा. इसिगोनिसला शर्यतीची गाडी करायचीच नव्हती, कूपरने १९६१मध्ये करून दाखवली, आणि १९६४मध्ये पॅडी हॉपकर्कने तिच्यात बसून माँटे कार्लो रॅली जिंकली. तेव्हापासून मिनीवाल्याला वाटत आलंय की कारखान्यातून आली तो कच्चा माल, गाडी मी करणार. २०००च्या ऑक्टोबरपर्यंत मिनी निघाल्या त्रेपन्न लाखांहून जास्त. मायनर सोळा लाखांच्या आसपास. मिनी जास्त खपली म्हणून जास्त लाडकी, हे मात्र मी मानत नाही.

एक आक्षेप येणार, तो मीच घेतो. मायनरवालेही गाडी बदलतात. १२७५ सीसीचं इंजिन टाकतात, पुढे डिस्क ब्रेक बसवतात. खरं आहे. पण नीट बघा, ते सगळं झाकून! बाहेरून गाडी १९५८ची दिसली पाहिजे, बॅज जुनाच, चाकांच्या कॅप जुन्याच. मिनीवाल्याने नुसतं कार्ब्युरेटर बदललं तरी तो मागे स्टिकर लावतो. माझा मुद्दा याहून जास्त कशाने सिद्ध होणार?

माझी ट्रॅव्हलर बाहेर पार्किंगमध्ये उभी आहे. लाकूड आता खरं आहे, स्क्रू-ड्रायव्हर आणला असेल तर दाबून बघा. बॉनेटही उघडून दाखवतो. आत कुठलं इंजिन आहे ते ज्याला कळेल त्याला कळेल, पण फोटो काढायचे नाहीत, आमच्या क्लबातले दोघे इथे बसलेत.