दोन मिलिमीटरचा हिशेब

मंडळी, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा कुडाळ-मालवणच्या वाड्यांमधून आडवे पडलेले आंबे-फणस कापायला दिवसरात्र पेट्रोलवरच्या साखळी-करवती चालल्या. माझ्याकडे येणारा प्रत्येक बागायतदार एकच मागत होता, "हिला जोर वाढवून द्या." तेव्हाच मी पहिल्यांदा लांब स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनला वर-खाली जास्त अंतर नेणारा, क्रॅन्क (इंजिनचा फिरता दांडा) बसवला. आणि चुकलो.

हिशेब सोपा वाटतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४५ मिमी आणि स्ट्रोक ३२ असेल तर इंजिन साधारण ५०.९ सीसीचं. तोच स्ट्रोक ३४ केला की ५४.१. सिलिंडर तोच, तरी सव्वातीन सीसी पदरात. पण क्रॅन्कची पिन १ मिमी बाहेर सरकली की पिस्टन वर १ मिमी जास्त चढतो आणि खाली १ मिमी जास्त उतरतो. वर जागा किती असते? पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचं छत यांत अर्धा-पाऊण मिमी. म्हणजे पिस्टन छतावर आपटणारच.

मी तेव्हा काय केलं, तर सिलिंडरखाली १ मिमीची पट्टी घातली. इंजिन फिरलं, चालू झालं, आवाजही खणखणीत. पण जाड बुंध्यात पाती रुतली की दम सुटायचा. मालक म्हणाला, "आधीच बरी होती." ते माझ्या जिव्हारी लागलं. मग मॅग्नेटच्या (क्रॅन्कच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) जागी अंशांची चकती बांधली आणि एक्झॉस्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं जळका गॅस बाहेर जायचं भोक) कधी उघडतो ते मोजलं. आधी तो, पिस्टन वरच्या टोकाला असतानापासून क्रॅन्क १०० अंश फिरल्यावर उघडत होता. आता ९५ वर. सिलिंडर उचलल्यामुळे पिस्टनचा माथा छतापासून पूर्वीइतकाच दूर राहिला, पण मोठ्या स्ट्रोकमध्ये तेवढंच अंतर तो लवकर कापतो. म्हणजे पेटलेला गॅस पिस्टनला ढकलत असतानाच दरवाजा उघडायचा. उलट इनटेक (मिश्रण आत यायचं भोक) कमी वेळ उघडा राहायचा. सीसी वाढले, पण कमी फेऱ्यांचा जोर हातचा गेला, आणि आंब्याच्या बुंध्याला नेमका तोच लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे पट्टी न घालता सिलिंडरच्या छतातून १ मिमी कातून घेणं. तसं केलं की एक्झॉस्ट जवळजवळ पूर्वीच्याच जागी उघडतो. पण आपल्या करवतींचा सिलिंडर एकसंध असतो, वरचं हेड वेगळं निघत नाही. लेथचं हत्यार बोअरमधून आत घालावं लागतं आणि भिंतीवरच्या कठीण मुलाम्याला धक्का लागला तर सिलिंडर गेला. शिवाय वर चढलेल्या पिस्टनच्या खालच्या कडेखाली एक्झॉस्ट उघडा पडत नाही ना, तेही पाहावं लागतं. म्हणून हे काम लेथवाल्याच्या बाजूला स्वतः उभं राहून करून घ्या.

खालच्या टोकाकडे लोक बघतच नाहीत. पिस्टनचा खालचा घेर क्रॅन्कच्या वजनाला घासतो का, रॉडचं (पिस्टन आणि क्रॅन्क जोडणाऱ्या दांड्याचं) मोठं टोक केसच्या भिंतीला लागतं का, हे सगळं बंद करण्याआधी बघायचं. माझे उस्ताद मालवणीत सांगायचे, "आधी हातान फिरव, मगे दोरी ओढ." छतापासूनचं अंतर मोजायला मी आजही प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार घालतो, क्रॅन्क हाताने एक फेरा फिरवतो आणि चेपलेलं टोक वर्निअरने मोजतो. गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत दोन्ही बाजूंना मोजा, नाहीतर पिस्टन कलतो आणि आकडा खोटा येतो.

वेगाचंही लक्षात ठेवा. मिनिटाला १३,००० फेऱ्यांना ३२ च्या स्ट्रोकवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३.९ मीटर, ३४ वर १४.७. रॉड, बेअरिंग आणि रिंगा यांच्यावर त्याचा भार येतो. आपल्याकडे खाऱ्या हवेत पावसाळाभर पडून राहिलेल्या करवतीच्या बेअरिंगला आधीच गंज धरलेला असतो. असं जुनं बेअरिंग नव्या क्रॅन्कवर मी बसवत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. आणि कार्ब्युरेटर नव्याने लावल्याशिवाय करवत लाकडाला लावू देत नाही. सीसी वाढले की मिश्रण बदलतं, पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) राहिलं तर पहिल्याच ओंडक्यात पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

आता ही चकती आणि हे उघडं इंजिन टेबलावर ठेवतो. पुढे या, एकेकाने स्वतः फिरवून एक्झॉस्टचा अंश वाचा.