किल्लारीचा भूकंप लोकांनी नक्की कुठे जपून ठेवलाय?

नमस्कार मंडळी! ३० सप्टेंबर आला की न्यूज चॅनलवर किल्लारीचा स्मृतिस्तंभ दिसतो, फुलं, पोलिसांची मानवंदना, दोन-चार नेते, झालं, पुढची बातमी. स्तंभ हवाच, त्याबद्दल वाद नाही, पण लातूर-धाराशिवकडच्या लोकांनी ही आठवण खरं तर भलतीकडेच जपलीय.

१९९३ साल, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. घरं दगड-मातीची, जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद म्हणजे सपाट छत, उन्हाळ्यात एकदम गार, पण त्या पहाटे तेच सगळं झोपेत अंगावर आलं. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८, काही ठिकाणी तर साडेनऊ हजारांच्या वर दिलाय.

आता पहिली जागा बघा, सरकारी कार्यक्रम तारखेने होतो, पण घरातल्यांना आठवण गणपती उठले की येते, आणि लगेच पितृपंधरवडा लागतो. तारीख आणि तिथी काही दरवर्षी जुळत नाहीत, कधी कधी तीन-चार आठवड्यांचं अंतर पडतं, म्हणजे टीव्हीवर एक दिवस आणि घरात जवळजवळ महिनाभर तेच चालू.

दुसरं म्हणजे पत्रा. ५२ गावं नवीन जागेवर वसवली, सरळ रस्ते, पक्की घरं, इंजिनिअर सांगत होते की घाबरू नका, आणि बरोबरच होतं त्यांचं, तरी कित्येक जणांनी शेजारी पत्र्याचं शेड मारलं आणि झोपायला तिकडेच. का, तर पडलाच तर पत्राच पडेल! बाहेरच्यांना हा अडाणीपणा वाटला, मला नाही वाटत, ज्याने हाताने माती उकरून घरातली माणसं बाहेर काढलीत त्याला स्लॅब किती भक्कम हे कशाला पटवताय?

आणि तिसरी जागा कुणाच्या लक्षातच येत नाही, सरकारी भरतीचा फॉर्म. एमपीएससीच्या गट-क पदांच्या जाहिरातीत आजही भूकंपग्रस्तांसाठी २ टक्के समांतर आरक्षण असतं, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांच्या आतच राखून ठेवलेला वाटा. म्हणजे ज्या पोराने भूकंप बघितलाच नाही तो सर्टिफिकेटसाठी घरात विचारतो की आपलं जुनं घर कुठे होतं, कुणाच्या नावावर होतं, आणि आजी सुरू होते, शेजारी कोण राहायचं इथपासून, कागद राहतो बाजूला. आता त्या २ टक्क्यांचा फायदा खरंच किती जणांना मिळतो हा वेगळाच विषय आहे, त्यावर सेपरेट व्हिडिओ करावा लागेल.