घरच्या फोटोचं पझल
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांना घरचा एक जुना फोटो आणायला सांगितला होता. एका मुलाने लग्नातला ग्रुप फोटो आणला. जमिनीवर मांडी घालून पोरंटोरं, खुर्च्यांवर वडीलधारे, मागे दोन रांगा उभ्या. बाईंनी विचारलं, यात कोण कोण आहे? त्याने आजीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बाकीचे बाबांनाही माहीत नाहीत."

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून आज फोटोपासून पझल कसं करायचं ते सांगणार आहे. अल्बम मुलं दोन मिनिटांत मिटतात. पण पझलमध्ये प्रत्येक चेहरा हातात घेऊन त्याची जागा शोधावी लागते, शेजारी कोण बसलंय ते पाहावं लागतं.

मूळ फोटो कापायचा नाही, चिकटवायचाही नाही. चिकट पानांच्या अल्बममधून तो ओढून काढू नका, वाकतो आणि फाटतो. दात साफ करायचा दोरा मागून हलक्या हाताने सरकवत सोडवा. मग ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशोबाने, स्कॅन करा. सहा बाय आठ इंचाच्या फोटोचे ३६०० बाय ४८०० पिक्सेल मिळतात, आणि ए३ छपाईला तेवढे पुरतात. डीपीआय आणखी वाढवलं तर फाइल फुगते, चेहरे काही स्पष्ट होत नाहीत. फोटो खडबडीत, जाळीच्या कागदावरचा असेल तर स्कॅनमध्ये सगळीकडे ठिपके येतात. तो दोन्ही बाजूंनी सारखा, मऊ उजेड पाडून कॅमेऱ्याने टिपावा.

इथे जरा रागावू द्या. आपण सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो आणि तिथेच ठेवतो. नेहमीसारखा पाठवलेला फोटो वाटेत आक्रसतो. ए३ वर छापला की चेहऱ्यांचे डाग होतात. पुण्याच्या भावाला, नागपूरच्या मावशीला सांगा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एवढं एक वाक्य आपण वर्षानुवर्षं बोललेलो नाही.

ए३ का? कारण एका रांगेत साधारण बारा माणसं असतात. आडव्या धरलेल्या ए४ची रुंदी २९७ मिलिमीटर, म्हणजे माणशी पंचवीसच्या आत. चेहरा जेमतेम सेंटिमीटरभर. ए३वर ४२० मिलिमीटर मिळतात, माणशी पस्तीस. आडवे बारा, उभे आठ असे ९६ तुकडे होतात आणि पुढच्या रांगांतल्या बहुतेकांना आपापला तुकडा मिळतो. फोटो ए३च्या मापात नेमका बसत नाही, थोडा छाटावा लागतो. तो वरून, मांडवाच्या झालरीकडून छाटा. खालून छाटलात तर पोरांचे पाय जातात.

पाठीला २ मिलिमीटरचा ग्रेबोर्ड, म्हणजे करडा जाड पुठ्ठा, घ्या. छपाई शक्यतो लेझरवर करा. इंकजेटची बरीचशी शाई पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने फुटते. गोंद पुठ्ठ्यावर पातळ पसरा, कागद एका कडेने टेकवत न्या आणि मधून बाहेर पट्टीने हवा काढा. आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. ओला कागद फुगतो, वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, म्हणून पझल वाटीसारखं वाकतं. उपाय सोपा आहे: त्याच जाडीचा कोरा कागद लगेच मागच्या बाजूलाही चिकटवा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. वर-खाली बटर पेपर ठेवून जाड पुस्तकांखाली चोवीस तास दाबून ठेवा. घाई केली तर आतला ओला पुठ्ठा सुरीखाली फाटतो.

कापण्याआधी मागून पेन्सिलने चौकटी आखू नका, समोर चेहरे पाहून आखा. पझलची सुरुवात झाली ती इथेच, लंडनमध्ये, १७६०च्या दशकात. जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमेवरून कापला. मुलं देश हातात घेऊन भूगोल शिकली. आपणही दोन माणसांच्या मधल्या जागेतूनच कापायचं. नाकावरून रेघ गेली की त्या तुकड्यावर ना आत्या राहते ना काका.

लहान मुलांसाठी नुसत्या नागमोडी रेघा पुरतात, फक्त तुकडे सरकू नयेत म्हणून कडेचा ट्रे लागतो. खुंटी आणि खाच हवी असेल तर दीड मिलिमीटरचा माउंटबोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये फोटोभोवती लावतात तो पुठ्ठा, घ्या, सुरीने दोन मिलिमीटरला गोल वळण नीट येत नाही. फोटोची बाजू वर ठेवून, एकाच रेघेवर चार-पाच हलके हात फिरवा. जोर लावला की पातं घसरतं. पातं सरळ उभं धरा, तिरकं धरलं तर तुकडा एका बाजूनेच बसतो आणि फट दिसते. कागदाची कड उसवायला लागली की कटरच्या पात्याचं बोथट टोक मोडून नवं काढा. आधी लांब पट्ट्या, मग पट्टीचे तुकडे. कापलेली पट्टी जागेवर ठेवून कागदी टेपने धरून ठेवा, नाहीतर पुढची रेघ मिलिमीटरभर हलते आणि खुंट्या जुळत नाहीत. सुरी मोठ्यांच्या हातात, जोडणं मुलांच्या.

शेवटी तुकडे उलटे करा आणि मागे नाव, नातं, गाव लिहा. मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने दाबलं तर समोर वळ उठतो. घरात दोन पझलं झाली की प्रत्येक तुकड्याच्या मागे वेगळ्या रंगाची तिरकी रेघ ओढा, म्हणजे ती मिसळणार नाहीत.

अंदाजाने नाव लिहू नका. एकदा लिहिलेलं चुकीचं नाव पुढे कुणीच दुरुस्त करत नाही. फोटो फोनवर पाठवून, बोलत बोलत एकेका रांगेची नावं विचारा आणि ते बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. ज्यांना सांगता येईल त्यांतले बरेचजण ऐंशीच्या पुढे आहेत, काहींना आता ऐकू कमी येतं. आणि ज्या घरांत सांगणारं कुणीच उरलेलं नाही, त्या घरांनी ही नावं कुणाला विचारायची, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.