ओढ्याकाठचा पुआयओही

ऐका. पाण्याच्या आवाजामागून एक बारीकशी लकेर येते आणि लगेच थांबते. पुन्हा ऐकायची असेल, तर जागचं हलायचं नाही.

हे हवाईतलं काउआई बेट. वर अलाकाईचं पठार आणि त्याच्या कडेला वायआलेआले शिखर, जिथे वर्षाला सुमारे १० हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. या धुक्यात, ओढ्यांच्या अरुंद घळींमध्ये पुआयओही राहतो. कस्तूर कुळातला हा पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही. पाठ तपकिरी, पोट करडं, पाय गुलाबी. ओलापाच्या झाडाची फळं आणि किडे खातो, आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला गातो.

त्याचं घरटं बघा. दिसलं? नाहीच दिसणार. ओढ्यावरच्या उभ्या कड्यात, नेच्यांच्या आणि शेवाळाच्या आड मादी ते बांधते. अंडी एकटीच उबवते. हवाई बेटांवर जमिनीवर चालणारा शिकारी सस्तन प्राणीच नव्हता, तोवर ही जागा अगदी सुरक्षित होती.

मग जहाजांतून काळा उंदीर आला. तो कडा चढतो, रात्री घरट्यापर्यंत पोचतो. अंडी, पिल्लं जातातच. पण अंड्यांवरून न उठलेली आईही जाते. पुढच्या वर्षीचं घरटंही तिच्याबरोबरच गेलं.

१८२६च्या सुमारास जहाजांतूनच डास आले, आणि पुढे त्यांच्यामार्फत पक्ष्यांचा मलेरिया पसरला. पठारावरच्या थंडीनं डासांना खाली रोखून धरलं होतं. आता हवा तापतेय आणि डास वर चढताहेत. पुआयओहीचा मोठा भाऊबंद कामाओ याच बेटावर होता. २०२३ मध्ये तो अधिकृतपणे नामशेष ठरला.

पुआयओही उरलेत अंदाजे ५००.

त्यांच्यासाठी माणसं चिखल तुडवत इथवर येतात. १९९९ ते २०१२ दरम्यान बंदिस्त जागेत वाढवलेले दोनशेहून अधिक पक्षी त्यांनी या रानात सोडले. उंदीर मेला की आपोआप पुन्हा सज्ज होणारे सापळे ते लावतात. हे काम दिसायला किती साधं! पण एक सापळा ओढ्याकाठी नेऊन ठेवायचा, तर दिवसभर पाऊस अंगावर घ्यावा लागतो.

अंधार पडतोय. नेच्यांच्या आड ती बसलीय, पंख जरासे पसरून. खाली ओढ्याच्या काठावर, दगडाशेजारी, एक सापळा लावलेला आहे.