भंगारातून उठलेला लिबरेटर

मंडळी, दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात गेलेला माणूस आधी नॅट या छोट्या लढाऊ विमानासमोर फोटो काढतो. काढावाच. पण आज मी तुम्हाला तिथल्या एका बेढब, चार इंजिनांच्या धुडापाशी थांबवणार आहे. लिबरेटर, म्हणजे बी-२४, दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान. जमलं तर वाकून त्याच्या पोटाकडे बघा. बॉम्ब सोडायची दारं खाली लोंबत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी अंगावर सरकत वर जातात.

युद्धकाळात अमेरिकेने ही विमानं अठरा हजारांवर बनवली. युद्ध संपलं आणि बहुतेक भंगारात गेली. आपल्याकडची वाचली, पण कुणी जपली म्हणून नव्हे. ब्रिटिशांना ती लेंड-लीज करारात, म्हणजे युद्धापुरती अमेरिकेकडून उसनी मिळालेली. परत द्या, पैसे मोजा, नाहीतर निकामी करा, असा मामला. त्यांनी तिसरा रस्ता धरला. कानपूरच्या चकेरी तळावर विमानांची रीतसर मोडतोड झाली. इंजिनांत वाळूसुद्धा ओतली म्हणतात. पुन्हा कुणी उडवू नयेत, हा बंदोबस्त!

१९४८ मध्ये आपल्या हवाई दलाकडे जड बॉम्बफेकी विमान एकही नव्हतं. मग बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या विमान कंपनीचे लोक चकेरीला गेले. याचं काढ, त्याला लाव, असं करत एकेक विमान उडण्यापुरतं उभं केलं, आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ती बंगळूरला उडवत घेऊन गेले. खरी दुरुस्ती व्हायची होती ती बंगळूरला! मला या सगळ्या कथेत त्या माणसाच्या छातीचं कौतुक वाटतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पहिली विमानं पाच नंबर स्क्वॉड्रनला मिळाली.

पुणेकरांनी आता कान द्यावा. १९५१ मध्ये सहा नंबर स्क्वॉड्रन पुन्हा उभी राहिली ती पुण्यातच, याच विमानांवर. पुढे समुद्रावरच्या टेहळणीचं काम तिने त्यांच्याकडून घेतलं. १९६८च्या अखेरीस लिबरेटर आपल्याकडून निवृत्त झाला.

तोवर जगात धड लिबरेटर मिळणं मुश्कील झालं होतं. संग्रहालयं आपल्या दारात आली. कॅनडाने एक नेलं, अमेरिकेत टक्सनच्या पिमा संग्रहालयाकडे १९६९ मध्ये एक गेलं, आणि १९७४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्यूझियमनेही एक नेलं. ज्यांनी मोडली, त्यांनीच मागून घेतलं!

कॅनडाने बदल्यात लायसँडर दिलं. तेही पालमला आहे. एका इंजिनाचं, लहानसं. चार इंजिनं देऊन एक घेतलं, असं कुणी म्हणेल. पण १९४२ मध्ये ब्रह्मदेशात आपल्याच हवाई दलातल्या मजुमदारांच्या एक नंबर स्क्वॉड्रनने जपान्यांवर हल्ले केले ते लायसँडर घेऊनच. माझ्या हिशेबी सौदा चोख झाला.