संदेश पुसण्याआधी

श्रोतेहो,

फोनमधले संदेश पुसताना आपण बहुतेक जण एकच कारण सांगतो: जागा भरली आहे, फोन मंद चालतो आहे. माझे आजचे पहिले सांगणे असे की हे कारण खरे नाही. ते खरे मानल्यामुळे आपण घाईघाईने भराभर पुसत जातो, आणि त्या घाईत जो संदेश उद्या उपयोगी पडणार होता तोच जातो, तर जो खरोखर पुसायला हवा होता तो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो.

ही सवय बटणांच्या फोनच्या काळातली आहे. त्या काळी संदेश सिमकार्डावर साठत आणि सिमकार्डावर फार तर काही दहांच्या संख्येने संदेश मावत. ते भरले की पडद्यावर लिफाफ्याचे चित्र लुकलुकू लागे आणि जुना संदेश पुसल्याशिवाय नवा येत नसे. तेव्हा पुसणे ही गरज होती. आज काय स्थिती आहे ते हिशेबानेच पाहू. एका साध्या एसएमएसचा मजकूर १४० बाइटांत मावतो. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरचिन्हे बसतात, देवनागरीत ७०, आणि त्याहून लांब मजकूर तुकडे करून पाठवला जातो व आपल्या फोनवर पुन्हा जोडून दिसतो. असे एक लाख संदेश साठवले तरी नुसत्या मजकुराचे १४ एमबी होतात. प्रत्येक संदेशासोबत नंबर, तारीख, वाचल्याची खूण अशा नोंदी असतात. त्या धरून हा आकडा कित्येक पट वाढवला तरी नातवाच्या स्नेहसंमेलनाचा एक पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ त्याच्याइतकी, किंबहुना जास्तच, जागा खातो. फोन भरतो तो फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या चित्रांमुळे. जागा हवी असेल तर तिकडे वळावे. बँकेच्या संदेशांवर हात टाकू नये.

मग संदेश पुसायचेच नाहीत का? अवश्य पुसायचे, पण वेगळ्या कारणांसाठी. पहिले कारण गुप्ततेचे आहे. ओटीपीची मुदत काही मिनिटांत संपते, त्यामुळे जुना ओटीपी चोराच्या हाती लागला म्हणून लगेच पैसे जात नाहीत. परंतु ओटीपीच्या संदेशात बहुधा बँकेचे नाव, कार्डाचे किंवा खात्याचे शेवटचे चार आकडे आणि कधी रक्कमही असते. असे दोनशे संदेश ज्याच्या हाती पडतील त्याला तुमचे खाते कुठे आहे, तुम्ही खरेदी कुठे करता, औषधे कोठून मागवता हे सारे कळेल, आणि फसवणुकीचा फोन करणाऱ्याला एवढीच माहिती हवी असते. "तुमच्या अमुक कार्डाबद्दल बोलतो आहे" असे तो म्हणाला आणि चार आकडे बरोबर निघाले की समोरचा माणूस विश्वास ठेवतो. ओटीपीच्या बाबतीत सोयही झालेली आहे. गूगल मेसेजेस या अँड्रॉइड फोनांतल्या संदेश ॲपमध्ये २०२१ पासून, आणि तेही आधी भारतातच, २४ तासांनी ओटीपी आपोआप पुसण्याची सोय मिळाली. आयफोनमध्ये आयओएस १७ या त्याच्या प्रणालीच्या आवृत्तीपासून वापरून झालेला कोड आपोआप हटवता येतो. या दोन्ही सोयी आपण स्वतः सुरू कराव्या लागतात. ते एकदा करून घ्या.

दुसरे कारण गर्दीचे. कर्जाच्या जाहिराती, सवलती, निवडणुकीचा प्रचार यांच्या ढिगाऱ्यात महावितरणचे बिल किंवा भविष्यनिर्वाह निधीची नोंद बुडून जाते. इथे एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कंपन्यांकडून व कार्यालयांकडून येणाऱ्या संदेशांवर नंबर नसतो, अक्षरी नाव असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक रोमन अक्षर येते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. पुसायला बसाल तेव्हा पी असलेले आधी काढा. टी असलेल्यांना हात लावण्यापूर्वी थांबा.

का थांबायचे, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा इथे आहे.

बँकेचा एक साधा संदेश डोळ्यांसमोर आणा. खात्याचे शेवटचे आकडे, वजा झालेली रक्कम, तारीख, यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, आणि "हा व्यवहार तुम्ही केला नसल्यास या क्रमांकावर कळवा" अशी ओळ. आपण रक्कम वाचतो आणि बाकीचे सोडून देतो. पण वाद उद्भवला तर रकमेइतकाच, कधी तिच्याहून जास्त उपयोग त्या संदर्भ क्रमांकाचा आणि संदेश पोहोचल्याच्या वेळेचा होतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तर तिसऱ्याच कोणाची आहे, अशा वेळी ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर त्याच्यावर नुकसान पडत नाही, चार ते सात दिवसांत कळवले तर ते ठरावीक मर्यादेपर्यंतच पडते. म्हणजे दिवस मोजायचे ते सूचना मिळाल्यापासून. ती सूचना कधी मिळाली याचा तुमच्या हातातला पुरावा म्हणजे तो एसएमएस, आणि नेमका तोच आपण "वाचून झाला" म्हणून पुसतो. पासबुक भरून आणून नोंदी जुळवेपर्यंत तरी व्यवहाराचे संदेश ठेवावेत असे मी आग्रहाने सांगतो.

फसवणुकीच्या संदेशाबाबतही नेमकी हीच चूक होते. "आज रात्री तुमचा वीजपुरवठा खंडित होईल, या नंबरवर संपर्क साधा" असे खोटे संदेश लोकांना येत राहिले आणि महावितरणने त्यांबाबत ग्राहकांना जाहीर सावधही केले. असा संदेश आला की घरातले कोणीतरी म्हणते, काढून टाका तो आधी. भीतीपोटी असे होणे स्वाभाविक आहे. पण त्या संदेशातल्या लिंकला हात न लावता त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, ज्या नंबरावरून तो आला तो टिपून ठेवावा, पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मूळ संदेश फोनमध्ये तसाच राहू द्यावा. निव्वळ त्रासदायक जाहिरात असेल तर १९०९ वर तक्रार करता येते. त्यासाठी आधी तीन दिवसांची मुदत होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती सात दिवस झाली. तक्रार आधी, पुसणे नंतर, हा क्रम पाळावा.

स्क्रीनशॉट आहे, मग मूळ संदेश कशाला, असे काही जण विचारतात. याचे उत्तर देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या जालन्याच्या एका खटल्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिले. वाद होता उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नाही याचा, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचा नियम स्पष्ट केला. नोंदीची प्रत हजर करायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. मात्र ज्या उपकरणात ती माहिती मुळात साठवली गेली तेच उपकरण, मग तो संगणक असो, टॅब असो वा मोबाइल, त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन हजर केले आणि शाबीत केले, तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि प्रमाणपत्राची तरतूद आता त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. आपल्यापुरता अर्थ असा की फोनमधला मूळ संदेश आणि त्याचे छायाचित्र यांची किंमत सारखी नसते. घरभाड्याचा वाद, उसने दिलेले पैसे, धमकी, छळ, यांपैकी काहीही चालू असेल तर त्या माणसाशी झालेल्या संभाषणातला एकही संदेश पुसू नका, स्वतःचा रागाच्या भरात लिहिलेलाही नाही. आणि उलट बाजूही सांगितली पाहिजे: न्यायालयात हजर करावी लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद, ती हजर होऊ नये या हेतूने नष्ट करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

आता पुसले म्हणजे आत काय होते ते पाहू. अँड्रॉइड फोनमध्ये काय आणि आयफोनमध्ये काय, संदेश एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये तक्त्याच्या रूपाने साठवलेले असतात. एका संदेशाची एक ओळ: पाठवणाऱ्याचा नंबर, मजकूर, वाचला की नाही, आणि वेळ. अँड्रॉइडमध्ये ही वेळ घड्याळाच्या रूपात नसून १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद उलटले असा तेरा आकडी अंक असतो. पडद्यावर "काल, सायंकाळी ५:४०" दिसते ते त्यावरून काढलेले. आपण संदेश पुसतो तेव्हा ही ओळ तक्त्यातून निघते, पण तिने व्यापलेल्या जागेवर एसक्यूलाइट सामान्यतः फक्त "मोकळी" अशी नोंद करते. चाळीतल्या खोलीवर "भाड्याने देणे आहे" अशी पाटी लागावी आणि आधीच्या भाडेकरूचे सामान मात्र आतच राहावे, तसे हे आहे. नवा संदेश त्या जागी आला की जुने अक्षर खऱ्या अर्थाने नाहीसे होते. पुसतानाच त्या जागेवर शून्ये लिहिण्याची सोयही एसक्यूलाइटमध्ये आहे, पण ती चालू ठेवायची की नाही हे प्रणाली बनवणाऱ्यावर अवलंबून असते. म्हणून पुसलेला संदेश परत मिळेलच असेही धरू नये आणि कोणालाच मिळणार नाही असेही धरू नये.

शिवाय तो एकाच जागी नसतो. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून पुसलेले संदेश "अलीकडे हटवलेले" या कप्प्यात ३० दिवस, क्वचित ४० दिवसांपर्यंत राहतात. सॅमसंगच्या संदेश ॲपमध्येही ३० दिवसांची कचरापेटी आहे. चुकून पुसले असेल तर सर्वांत आधी तिथे पाहा, आणि मुद्दाम पुसले असेल तर तिथूनही काढा. आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यावर, संदेश जोडलेले असतील तर एका उपकरणावर पुसलेले सगळीकडून जाते, मुलीकडे ठेवलेल्या तुमच्या आयपॅडवरूनही. गूगलच्या बॅकअपमध्ये एसएमएस येतात, आणि फोन ५७ दिवस वापरात नसेल तर तो बॅकअप पुसला जाऊ शकतो. जुना फोन कपाटात ठेवून निश्चिंत राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्याला संदेश पाठवला त्याच्या फोनवर तर तो असतोच. व्हॉट्सॲपवर "सर्वांसाठी हटवा" ही सोय २०१७ मध्ये आली आणि २०२२ पासून तिची मुदत साधारण अडीच दिवस आहे; साध्या एसएमएसला ती सोय नाही, एकदा गेलेला एसएमएस परत घेता येत नाही. मोबाइल कंपनीकडेही कोणत्या नंबरावरून कोणत्या नंबरावर केव्हा संदेश गेला याची नोंद राहते, आणि डिसेंबर २०२१ च्या परवाना-दुरुस्तीनुसार ती किमान दोन वर्षे ठेवावी लागते.

पुसलेले संदेश परत आणून देतो म्हणणाऱ्या ॲपबद्दल मला कळकळीने बोलायचे आहे. अँड्रॉइडमध्ये एका ॲपला दुसऱ्याच्या डेटाबेसमधली मोकळी जागा खरवडून पाहता येत नाही. त्यासाठी फोनच्या मुळाशी शिरावे लागते आणि ते काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे आहे. असे ॲप तुमच्याकडून मिळवते ते एसएमएस वाचण्याची परवानगी, आणि ती मिळाली की पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्यासमोर उघडा असतो. याच धोक्यामुळे गूगलने २०१८ च्या अखेरीस आपल्या प्ले स्टोअरवरच्या ॲपना ही परवानगी मागण्यावर कडक बंधने घातली. जे ॲप प्ले स्टोअरबाहेरून, कोणीतरी पाठवलेल्या फाइलमधून घ्यायला सांगितले जाते, त्याला ती बंधने लागू होत नाहीत. संदेश गेला तर गेला असे समजा, पण असे ॲप फोनमध्ये घेऊ नका.

एका प्रकारच्या संदेशांबद्दल मात्र हिशेब चालत नाही. घरातले माणूस गेल्यावर त्याचे "पोचलो", "जेवून घे", "गोळी घेतलीस का" असे संदेश फोनमध्ये उरतात. ते वाचवत नाहीत म्हणून कोणी पुसते, आणि वर्षभराने तेच हवेसे वाटतात. अशा वेळी लगेच काही ठरवू नये. गूगल मेसेजेसमध्ये संभाषण "अर्काइव्ह" केले की ते समोरून दूर होते पण नष्ट होत नाही. जपायचेच असेल तर स्क्रीनशॉट काढून छापून घ्यावेत, कारण फोन बदलताना सर्वांत आधी हरवतात ते असेच संदेश. काही फोनांत ठरावीक मर्यादेनंतर जुने संदेश आपोआप पुसण्याची सेटिंग असते आणि आयफोनमध्ये संदेश ३० दिवस, एक वर्ष की कायम ठेवायचे हे निवडता येते. आज घरी गेल्यावर ही सेटिंग उघडून तिथे काय निवडलेले आहे ते पाहा.

शेवटी फोन विकण्याविषयी. फोन दुसऱ्याला देताना एकेक संदेश पुसत बसण्याचा काही उपयोग नाही. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांत साठा कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असणे बंधनकारक झाले आणि आयफोनमध्ये ते आधीपासून आहे. फॅक्टरी रीसेट केल्यावर, म्हणजे फोन पुन्हा कोरा केल्यावर, तो साठा उलगडणारी किल्लीच नष्ट होते आणि मागे उरलेले वाचता येत नाही. त्याआधी हवे ते उतरवून घ्या, गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा, मग रीसेट करा आणि सिमकार्ड काढून घ्या. बटणांच्या जुन्या फोनांत मात्र बहुधा हे कूटलेखन नसते आणि संदेश सिमकार्डावरही असू शकतात. असा फोन भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यातले सिम आणि मेमरी कार्ड दोन्ही काढा, आणि तो सुरू होत असेल तर त्याच्या मेनूतून सारे काही पुसून मगच द्या.

आता आपले प्रश्न घेऊ. ज्यांनी फोन सोबत आणले आहेत त्यांनी पुढे यावे. सेटिंग कुठे सापडते ते प्रत्यक्ष दाखवता येईल.